गॉर्डन हॉल यांचा नाशिक दौरा (१८२६)

गॉर्डन हॉल यांचा नाशिक दौरा हा अमेरिकन मराठी मिशनचे एक संस्थापक रेव्हरंड गॉर्डन हॉल (१७८४–१८२६) यांनी मार्च १८२६ मध्ये मुंबईहून नाशिकपर्यंत केलेला धर्मप्रचारार्थ प्रवास होय. २ मार्च रोजी त्यांनी मुंबई सोडली. नाशिक येथे पटकीची (कॉलऱ्याची) साथ जोरात असल्याने जवळची पुस्तके आणि बहुतेक औषधे तेथेच वाटून ते परतीच्या वाटेला लागले. १९ मार्चच्या रात्री ते एका देवळाच्या ओसरीत मुक्कामास थांबले, २० मार्चच्या पहाटे त्यांना पटकी झाली आणि सुमारे आठ तासांत त्यांचा मृत्यू झाला. त्या वेळी त्यांच्याबरोबर दोन ख्रिस्ती मुले होती. एकही सहकारी मिशनरी किंवा वैद्य जवळ नव्हता. मराठी मुलुखातील मिशनरी दौऱ्यांच्या आरंभीच्या नोंदींमध्ये या प्रवासाचा, विशेषतः त्यातील अखेरच्या दिवसाचा, वृत्तान्त महत्त्वाचा मानला जातो.

पार्श्वभूमी

हॉल यांचा जन्म ८ एप्रिल १७८४ रोजी अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स राज्यात टोलंड येथे झाला. विल्यम्स महाविद्यालयातून १८०८ मध्ये पदवी घेतल्यावर त्यांनी धर्मशास्त्राचा अभ्यास केला. अमेरिकेबाहेर प्रचारक पाठविण्यासाठी १८१० मध्ये तेथे जे मंडळ स्थापन झाले, ते पुढे 'अमेरिकन बोर्ड' या नावाने ओळखले गेले. या मंडळाच्या पहिल्या तुकडीत ॲडोनिरम जडसन, सॅम्युअल नॉट, सॅम्युअल न्यूएल, ल्यूथर राइस आणि हॉल असे पाच जण होते. ६ फेब्रुवारी १८१२ रोजी सेलम येथे त्यांना दीक्षा देण्यात आली. निघण्यापूर्वी हॉल व न्यूएल यांनी फिलाडेल्फिया येथे काही काळ वैद्यकाची व्याख्याने ऐकली होती. हॉल यांच्या सामानात औषधे कायम असत, त्याचे मूळ येथे सापडते.

ऑगस्ट १८१२ मध्ये ते कलकत्त्यास पोहोचले तेव्हा परिस्थिती प्रतिकूल होती. ईस्ट इंडिया कंपनी आपल्या मुलुखात मिशनऱ्यांना परवान्याशिवाय राहू देत नसे. त्यातच त्या वर्षी जूनमध्ये अमेरिका व ब्रिटन यांच्यात युद्ध सुरू झाले होते, त्यामुळे हे तरुण शत्रुराष्ट्राचे नागरिकही ठरले. देश सोडून जाण्याचा हुकूम झाला. हॉल आणि नॉट तेथून निसटून फेब्रुवारी १८१३ मध्ये मुंबईत उतरले. मुंबईचे गव्हर्नर सर इव्हान नेपियन यांनाही त्यांना परत पाठविण्याचे आदेश होते. नोव्हेंबरमध्ये दोघे जहाजाने कोचीनकडे गेले असता त्यांना तेथून परत आणण्यात आले. हॉल यांनी गव्हर्नरांना लिहिलेल्या पत्रांचा सूर अर्जदाराचा नाही. अधिकाऱ्याला त्याच्या धर्मबुद्धीची आठवण करून देणाऱ्या माणसाचा तो सूर आहे. नेपियन यांनी अंमलबजावणी लांबणीवर टाकली. दरम्यान ब्रिटिश संसदेने १८१३ च्या सनदी कायद्याने मिशनऱ्यांना हिंदुस्थानात येण्याची वाट मोकळी केली आणि दोघांना मुंबईत राहता आले. नॉट १८१५ मध्ये प्रकृतीच्या कारणाने परतले. हॉल मात्र मृत्यूपर्यंत १३ वर्षे येथेच राहिले.

मुंबईतील काम

मुंबईत हॉल यांचा बराचसा वेळ मराठी शिकण्यात आणि रस्त्यावर बोलण्यात जाई. देवळांच्या आवारात, तळ्यांच्या काठी, बाजारात, जिथे चार माणसे थांबलेली दिसतील तिथे ते मराठीतून बोलत. विल्यम केरी यांनी श्रीरामपूर येथून मराठी व्याकरण (१८०५) आणि कोश (१८१०) प्रसिद्ध केला होता, पण मुंबईतील मिशनने बायबलचे भाषांतर स्वतंत्रपणे हाती घेतले. १८१६ मध्ये होरेशिओ बार्डवेल हे मुद्रणाची माहिती असलेले सहकारी येऊन मिळाले. मिशनच्या छापखान्यातून १८१७ मध्ये पहिली आठ पानी मराठी पुस्तिका १,५०० प्रतींत निघाली. नव्या कराराची मराठी आवृत्ती १८२६ मध्ये, म्हणजे हॉल यांच्या मृत्यूच्याच वर्षी, पूर्ण झाली. मुलांच्या शाळा १८१५ पासून सुरू होत्या. १८२४ मध्ये मिशनने मुंबईत मुलींची शाळा काढली.

हॉल आणि न्यूएल यांनी मिळून लिहिलेले जगाच्या धर्मांतराविषयीचे पुस्तक १८१८ मध्ये प्रसिद्ध झाले. त्यात जगातील साठ कोटी ख्रिस्तेतर लोकांसाठी, दर वीस हजारांमागे एक या हिशेबाने, तीस हजार मिशनरी हवेत असे मांडले आहे. हे लिहिणाऱ्यांच्या मुंबई केंद्रात त्या वेळी मिशनरी हाताच्या बोटांवर मोजण्याइतके होते, आणि १३ वर्षांनंतरही त्यांच्या प्रचारातून उभी राहिलेली मराठी मंडळी जवळजवळ नव्हतीच. या हिशेबातला आत्मविश्वास आज वाचकाला खटकतो. मात्र हॉल यांच्या दौऱ्यांचे स्वरूप समजण्यास तो उपयोगी पडतो, कारण पोहोचायच्या माणसांची संख्या मनात एवढी मोठी असली की एका गावात फार काळ थांबणे अवघड होते.

केंद्राला मृत्यू नवे नव्हते. न्यूएल यांचे ३० मे १८२१ रोजी मुंबईतच पटकीने निधन झाले. ठाणे येथे काम करणारे जॉन निकोल्स १८२४ मध्ये वारले. हॉल यांचा विवाह डिसेंबर १८१६ मध्ये मार्गारेट लुइस यांच्याशी झाला होता. त्यांच्या मुलांची प्रकृती मुंबईच्या हवेत टिकत नसल्याने १८२५ मध्ये मार्गारेट दोन मुलग्यांना घेऊन अमेरिकेला निघाल्या. थोरला मुलगा समुद्रप्रवासातच दगावला. त्या काळी शिडाच्या जहाजांना आफ्रिकेला वळसा घालून जावे लागे आणि पत्र पोहोचण्यास चार-पाच महिने लागत. त्यामुळे १८२६ च्या वसंतात हॉल मुंबईत एकटेच होते.

दौऱ्याची पद्धत

मराठी ख्रिस्ती वाङ्मयात 'दौरा' हा शब्द प्रचारकाने केंद्र सोडून गावोगाव केलेल्या फिरतीसाठी रूढ आहे. पावसाळ्यानंतरचे कोरडे महिने त्यासाठी सोयीचे असत. पुढे एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात तंबू, बैलगाडी, वाद्ये, भजने असा सरंजाम दौऱ्याबरोबर जाऊ लागला. हॉल यांच्या काळी त्यातले काहीच नव्हते. चटई, घोंगडी, पुस्तकांचा गठ्ठा आणि औषधांची पेटी एवढ्या सामानावर माणूस निघे आणि जिथे रात्र होई तिथे पथारी टाकी.

मुक्कामाची जागा बहुधा धर्मशाळा, चावडी किंवा देवळाची ओसरी असे. ज्या देवाच्या पूजेविरुद्ध दिवसभर बोलायचे त्याच देवाच्या ओसरीत रात्री झोपायचे, यात गावालाही फारसे वावगे वाटत नसे. वाटसरूला ओसरी देणे हा रिवाज होता आणि तो पाहुण्याच्या मतांवर अवलंबून नव्हता. जातीवर मात्र तो अवलंबून होता. हॉल यांना मिळालेली ओसरी गावकुसाबाहेरच्या महाराला किंवा मांगाला मिळाली नसती. पुढे अहमदनगर भागात मिशनच्या मंडळ्या वाढल्या त्या मुख्यतः याच समाजांतून, ही बाब येथे लक्षात घेण्याजोगी आहे.

कोणत्या मुलुखात फिरता येईल हे राजकीय सीमा ठरवीत. पेशवाई १८१८ मध्ये संपली आणि नाशिक, अहमदनगर, पुणे हा टापू कंपनीच्या ताब्यात आला, म्हणजे हॉल नाशिकला गेले तेव्हा त्या अमलाला जेमतेम आठ वर्षे झाली होती. सातारा छत्रपतींकडे होता. अहमदनगरच्या पूर्वेचा बालाघाट, ज्यात बीड व त्याच्या दक्षिणेचे मांजरसुंबा येते, हा निजामाचा मुलूख होता. मुंबईच्या गव्हर्नरने दिलेल्या मोकळिकीला तेथे अर्थ नव्हता. मुंबईहून निघणाऱ्या प्रचारकाला त्यामुळे घाट चढून नाशिककडे किंवा पुण्याकडे जाणे हेच सरळ पडे.

पुस्तके वाटण्यालाही मर्यादा होत्या. मिशनची पुस्तके बाळबोध लिपीत छापली जात, तर रोजचा पत्रव्यवहार आणि हिशेब मोडीत चाले. खेड्यात वाचता येणारी माणसे थोडी, आणि त्यातील कुलकर्ण्यासारख्यांचा हात मोडीवर बसलेला. बाळबोध सहज वाचणारा वर्ग नाशिकसारख्या क्षेत्राच्या ठिकाणी, म्हणजे शास्त्री, भिक्षुक व त्यांचे विद्यार्थी यांच्यात, अधिक होता. वादासाठी पुढे येणाराही तोच वर्ग होता.

नाशिककडे

मुंबई ते नाशिक हे अंतर सुमारे १०० मैल होते. वाट ठाण्यावरून कोकणपट्टी ओलांडून थळ घाटाने वर चढे. २ मार्च रोजी निघालेले हॉल वाटेतील गावांत बोलत, पुस्तके देत पुढे गेले. बरोबरची दोन मुले मिशनच्या सहवासात वाढलेली होती.

नाशिकास ते पोहोचले तेव्हा शहरात पटकी पसरली होती. ते आल्याच्या सुमारास एका दिवसात दोनशेहून अधिक माणसे मेल्याचे त्यांच्या चरित्रात नमूद आहे. गोदावरीच्या काठचे क्षेत्र म्हणून नाशिकास यात्रेकरूंची ये-जा सतत असे. स्नान, पिण्याचे पाणी आणि अंत्यविधी सारे एकाच नदीवर होत असल्याने अशा ठिकाणी पटकी झपाट्याने पसरते. त्या वेळी हे कारण कोणाला ठाऊक नव्हते. गावोगाव मरीआईला नैवेद्य दाखवून गाडा शिवेबाहेर नेला जाई, आणि गोरे डॉक्टर दूषित हवेला दोष देत.

हॉल तेथे काही दिवस राहिले. या दिवसांत प्रचार किती झाला आणि शुश्रूषा किती, याची विभागणी करणे कठीण आहे. जवळची सर्व पुस्तके संपली आणि औषधांपैकी थोडेच उरले, एवढे निश्चित. १८ मार्च रोजी ते मुंबईकडे परत निघाले.

१९ आणि २० मार्च

१९ मार्च रोजी रात्री दहाच्या सुमारास ते वाटेवरील एका गावी पोहोचले. तत्कालीन इंग्रजी लेखनात या गावाचे नाव 'डूर्ली दापूर' असे येते. दिवसभराच्या चालीने थकलेले हॉल देवळाच्या ओसरीत चटई टाकून आडवे झाले. वारा गार होता. त्याच ओसरीत दोन आजारी माणसे पडून होती आणि त्यांतील एक त्या रात्रीच मेला.

पहाटे चारच्या सुमारास पुढच्या चालीची तयारी करण्यासाठी हॉल उठले आणि तोच पटकीचा झटका येऊन खाली कोसळले. मुलांनी त्यांना उचलून चटईवर ठेवले. आपण यातून उठणार नाही, असे त्यांनी लगेच सांगितले. पटकीचे अनेक रोगी त्यांनी नुकतेच पाहिले असल्याने ही धर्मनिष्ठ माणसाची पूर्वसूचना होती की अनुभवी माणसाचे निदान, हे वेगळे करण्याची गरज नाही. उरलेले औषध त्यांनी घेतले, पण ते पोटात ठरले नाही. दुसरी मात्रा नव्हती, कारण पेटी नाशिकात रिकामी झाली होती.

त्यानंतरचे काही तास ते शुद्धीवर होते. घड्याळ आणि कपडे यांचे काय करायचे, देह कसा पुरायचा, हे त्यांनी मुलांना समजावून सांगितले. भोवती जमलेल्या गावकऱ्यांशी ते बोलले. पत्नी, मुले आणि मुंबईतील सहकारी यांच्यासाठी त्यांनी प्रार्थना केली. अखेरीस देवाचा गौरव असो अशा अर्थाचे उद्गार तीन वेळा काढून त्यांनी प्राण सोडला. त्यांना बेचाळीस वर्षे पूर्ण होण्यास तीन आठवडेही उरले नव्हते.

पुढचे काम मुलांवर पडले. कबरीसाठी जागा मिळविण्यास त्यांना बराच त्रास पडला. देह घोंगडीत गुंडाळून, शवपेटीशिवाय, त्यांनी तो पुरला आणि मग मुंबईकडे निघून सहकाऱ्यांना वार्ता सांगितली.

रोग आणि उपाय

१८१७ मध्ये बंगालमधील जेसोर भागातून उसळलेली पटकीची साथ १८१८ मध्ये दख्खन व मुंबईपर्यंत आली. त्यानंतर मराठी मुलुखात ती वारंवार डोके वर काढत राहिली. पटकीत जुलाब व उलट्यांवाटे शरीरातील पाणी आणि क्षार काही तासांत निघून जातात. तीव्र आजारात उपचार न मिळाल्यास रोगी त्याच दिवशी दगावू शकतो. चार वाजता उठलेला माणूस दुपारपर्यंत मेला, यात वैद्यकदृष्ट्या असंभाव्य काही नाही. मृत्यूच्या आधीपर्यंत रोगी सावध असणे हेही या रोगात आढळते, त्यामुळे हॉल यांच्या दीर्घ निरवानिरवीचा वृत्तान्त त्या कारणाने तरी संशयास्पद ठरत नाही.

हॉल यांच्या पेटीतल्यासारखी त्या काळची औषधे म्हणजे प्रामुख्याने अफूचा अर्क आणि पाऱ्याचा क्षार, म्हणजे कॅलोमेल. त्यांनी वेदना थोडी कमी होई, पण पाण्याची तूट भरून निघत नसे. दूषित पाण्याचा संबंध जॉन स्नो यांनी १८५४ मध्ये लंडनमध्ये दाखविला आणि रॉबर्ट कॉख यांनी १८८४ मध्ये कलकत्त्यात जंतूचा अभ्यास पूर्ण केला. मीठ, साखर व पाणी पाजून रोगी वाचविता येतो, हे मोठ्या प्रमाणावर सिद्ध झाले ते १९७१ मध्ये, बांगलादेशातील निर्वासितांच्या छावण्यांत, डॉ. दिलीप महालनाबिस यांच्या कामातून. नाशिकात हॉल यांनी वाटलेल्या औषधांनी किती जण वाचले असतील, हा प्रश्न या माहितीच्या उजेडात पाहावा लागतो.

वृत्तान्ताचे स्वरूप

२० मार्चच्या घटनांचे ज्ञान दोन मुलांच्या तोंडी निवेदनावर आधारलेले आहे. ते सहकाऱ्यांनी ऐकले, अमेरिकेला कळविले आणि नंतर होरेशिओ बार्डवेल यांनी लिहिलेल्या हॉल यांच्या चरित्रात (१८३४) समाविष्ट झाले. अशा लेखनाला स्वतःचा साचा असतो. रोग्याचे धैर्य, भोवतीच्यांना उपदेश, कुटुंबासाठी प्रार्थना आणि ईश्वरस्तुतीचे अखेरचे शब्द हे घटक त्या काळच्या प्रोटेस्टंट मृत्युवर्णनांत हटकून येतात, म्हणून त्यांचा शब्दशः स्वीकार करताना सावध राहावे लागते.

ज्या तपशिलांनी साच्याला मदत होत नाही ते अधिक विश्वसनीय वाटतात. शेजारी मेलेला अनोळखी माणूस, घड्याळाविषयीची सूचना आणि कबरीच्या जागेसाठी झालेली ओढाताण हे असे तपशील आहेत. शेवटच्या तपशिलाचा उपयोग मिशनच्या नियतकालिकांनी गावकऱ्यांच्या निष्ठुरपणाचा दाखला म्हणून केला असता तरी गावाची बाजू समजण्याजोगी आहे. त्या ओसरीत एका रात्रीत मरीने दोन माणसे गेली होती. प्रेत परक्याचे, त्याला हात कोणी लावायचा हे ठरलेले नाही, आणि दहनाची चाल असलेल्या गावाकडे मागणी होती ती पुरण्यासाठी जमिनीची. तशा अवस्थेतही जागा शेवटी मिळाली. त्या दोन मुलांनी नेमक्या कोणाशी, कोणत्या शब्दांत बोलून ती मिळविली, हा त्या दिवसाचा सर्वांत अवघड भाग असावा, आणि चरित्रात त्याला एका वाक्याहून अधिक जागा नाही.

नंतरचा काळ

हॉल यांच्या मृत्यूने मुंबई केंद्र दुबळे झाले. १८२७ मध्ये सायरस स्टोन आणि डेव्हिड ॲलन हे नवे मिशनरी आले. डिसेंबर १८३१ मध्ये ॲलन ग्रेव्ह्ज, हॉलिस रीड आणि विल्यम हर्वी यांनी अहमदनगर (सध्याचे अहिल्यानगर) येथे केंद्र उघडले. त्यांच्याबरोबर बाबाजी रघुनाथ हे ब्राह्मण ख्रिस्ती होते. हर्वी मे १८३२ मध्ये आणि बाबाजी १८३३ मध्ये पटकीनेच वारले. तरीही अहमदनगर हेच पुढे मिशनच्या कामाचे मुख्य ठिकाण बनले. जून १८४२ मध्ये तेथूनच 'ज्ञानोदय' हे नियतकालिक सुरू झाले.

दौऱ्याची रीतही बदलली. देशी प्रचारकांचा वाटा वाढला. कृष्णराव रत्नाजी सांगळे यांनी कीर्तनाचा आराखडा ख्रिस्ती आशयासाठी वापरला आणि त्याला गावोगाव श्रोते मिळाले. १८९५ मध्ये बाप्तिस्मा घेतलेले कवी नारायण वामन टिळक यांनी भजन-कीर्तनाची ही वाट आणखी पुढे नेली. निजामाच्या मुलुखात जालना येथे नारायण शेषाद्री यांनी स्कॉटिश मिशनतर्फे काम उभारले.

हॉल यांच्या वेळी सुरू झालेल्या छापखान्याचा परिणाम धर्मप्रचाराबाहेर अधिक टिकला. तेथे टॉमस ग्रॅहम यांनी देवनागरी टंक सुधारले. गणपत कृष्णाजी आणि निर्णयसागरचे संस्थापक जावजी दादाजी यांनी मुद्रणाचे प्राथमिक शिक्षण याच छापखान्यात घेतले. त्यांच्या छापखान्यांतून पंचांगे, पोथ्या आणि संस्कृत ग्रंथ निघाले.

नाशिक येथे चर्च मिशनरी सोसायटीने १८३२ मध्ये केंद्र उघडले आणि १८५४ मध्ये शहरालगत शरणपूर ही ख्रिस्ती वस्ती वसविली. थळ घाटातील लोहमार्ग १८६५ मध्ये इगतपुरीपर्यंत खुला झाला. त्यानंतर मुंबईहून नाशिकला जाणाऱ्या मिशनऱ्यांना घाटातील देवळांच्या ओसऱ्यांत मुक्काम करावा लागला नाही.